दुकानाची किल्ली पर्समध्ये

११ सप्टेंबर २०२३, सोमवार. गणपती आठ दिवसांवर आले होते आणि माझ्या टेबलासमोर एका पतसंस्थेचे सचिव उभे होते. त्यांच्या हातात ६४ पानी वार्षिक अहवालाचं शेवटचं प्रूफ होतं, त्यावर लाल शाईने तीन दुरुस्त्या. संस्थेची सर्वसाधारण सभा ३० तारखेला. सभासदांना नोटीस आणि अहवाल चौदा दिवस आधी पोचायला हवा, म्हणजे १५ तारखेच्या आत गठ्ठे पोस्टात पडायला हवेत. प्रेसवाल्यांनी बजावून ठेवलं होतं, चारपर्यंत फाईल आली तर रात्रीच प्लेट काढतो, नाहीतर मधे मंडळांच्या पावतीपुस्तकांचं काम घुसेल.

तीन दुरुस्त्या म्हणजे दहा मिनिटांचं काम. थकबाकीची टक्केवारी ३.८ नव्हे, ३.६. ताळेबंदाखाली लेखापरीक्षकांच्या सहीजवळची तारीख. आणि संचालकांच्या यादीत एका नावाआधी 'कै.'. ते गृहस्थ आधीच्या आठवड्यातच गेले होते. तीस वर्षं संस्थेत होते, दर वर्षी अहवालाचं पहिलं प्रूफ स्वतः येऊन वाचायचे.

मी फाईल उघडली. उघडली, पण वर पट्टी आली, तुमची वर्गणी संपली आहे. मजकूर दिसत होता, प्रिंट देता येत होती, पण कर्सर कुठे ठेवला तरी अक्षर उमटेना.

"काय झालं ताई?"

"साहेब, पाच मिनिटं बसा जरा."

पाच मिनिटांचे पाच तास झाले. कारण साधं होतं. ऑगस्टमध्ये बँकेने मला नवं डेबिट कार्ड दिलं होतं आणि वर्गणी जुन्या कार्डाला जोडलेली होती. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कार्डावरून आपोआप पैसे कापायचे असतील तर ग्राहकाने आधी ओटीपी देऊन मंजुरी नोंदवायची आणि पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी बँकेने कळवायचं. नियम चांगलाच आहे, माझ्यासारखीच्या खात्यातून नकळत पैसे जाऊ नयेत म्हणून केलेला. पण कार्ड बदललं की मंजुरी नव्याने नोंदवावी लागते, हे माझ्या ध्यानात नव्हतं. त्यात बँकेत मुलाचा मोबाईल नंबर दिलेला, मुलगा त्या दिवशी कंपनीत फर्स्ट शिफ्टला, आत मोबाईल नेऊ देत नाहीत. ओटीपी त्याच्या लॉकरमध्ये येत होता आणि मी इथे दर दहा मिनिटांनी 'पुन्हा पाठवा' दाबत होते. शिफ्ट सुटल्यावर तो फोनवर आला तेव्हा बँकेचं पान बंद पडलं. पैसे भरले गेले साडेआठला आणि प्रोग्राम जागा झाला पावणेनऊला. प्लेट दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली, गठ्ठे १५ ला संध्याकाळी पोस्टात पडले. सभा वेळेवर झाली.

सेवा कुठल्या कंपनीची होती ते मी इथे लिहीत नाही. पैसे आले नाहीत तर लिहिणं बंद होईल हे करारात होतं, त्यांनी करारातलंच केलं. मला जे आतून लागलं ते निराळं आहे. प्रोग्राम माझ्याच हार्डडिस्कवर होता. फाईल माझ्याच हार्डडिस्कवर होती. लाईट होती, मी खुर्चीत होते, आणि तरी एका गेलेल्या माणसाच्या नावाआधी एक अक्षर लिहायला मला बाहेरून परवानगी लागत होती. सचिव काही बोलले नाहीत. खिशातला रुमाल प्रूफावर ठेवून पंख्याने उडणारी पानं दाबून बसले होते. ते बसणं मला अजून आठवतं.

तेव्हापासून दोन-अडीच वर्षं मी हा हिशेब मनात मांडते आहे. लिहिण्या-मांडण्याच्या प्रोग्रामांचा संच, ज्याला 'ऑफिस' म्हणतात, तो क्लाउडवरचा, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा वर्गणीचा घ्यावा, की मशीनमध्ये टाकलेला एकदाचा? बरेच जण विचारतात, विशेषतः आमच्या टायपिंग-मांडणीच्या धंद्यातल्या बायका, ज्यांचं घर आणि दुकान एकाच कॉम्प्युटरवर चालतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी १९९१ साली टायपिंगची सरकारी परीक्षा दिली, मराठी तीस शब्दांची, मग चाळीसची. मशीन रेमिंग्टन. त्याला रिबन लागायची, वर्षातून एकदा तेलपाणी, बस्स. १९९७ ला कर्ज काढून पहिला कॉम्प्युटर घेतला. त्यावर पानं मांडायला पेजमेकर आणि मराठी अक्षरांसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. श्रीलिपीने माझं मोठं काम केलं, कारण बोटांना ठाऊक असलेला रेमिंग्टनचा कीबोर्ड तिच्यात होता. टाईपरायटरवरून उठून कॉम्प्युटरवर बसले तरी हात तोच राहिला. तिच्याबरोबर एक लॉक यायचं, कॉम्प्युटरच्या मागे खोचायची अंगठ्याएवढी डबी. ती लावली नाही तर प्रोग्राम चालायचा नाही. रात्री शटर ओढण्याआधी मी ते लॉक काढून पर्समध्ये टाकायची, दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी.

हे मुद्दाम सांगते. पूर्वी सगळं आपल्या मालकीचं होतं आणि आता सगळं भाड्याचं झालं, असं कुणी म्हणालं तर ते पूर्ण खरं नाही. कागदोपत्री तेव्हाही आपण वापरायचा परवानाच विकत घेत होतो. परवानगी तेव्हाही लागायची. पण ती माझ्या पर्समध्ये असायची.

२०११ ला मी ऑफिस २०१० चा खोका घेतला. एकदाच पैसे मोजले, खोक्यात डिस्क आणि पंचवीस अक्षरांची किल्ली. मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२० ला थांबवले. म्हणजे एका खरेदीवर मी नऊ वर्षं अहवाल, प्रश्नपत्रिका, लग्नाच्या याद्या, ग्रामपंचायतींचे ठराव, सगळं केलं. नंतरही तो प्रोग्राम बंद पडला नाही. अपडेट थांबलेल्या प्रोग्राममध्ये बाहेरून आलेल्या फायली उघडायची भीती वाटायला लागली, म्हणून मी बदलला.

आता २०१९ चं सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं एका बाजूचं होईल.

माझं दुकान सांगलीत हरभट रोडच्या एका बोळात आहे. २००५ च्या पुरात आमच्या बोळात पाणी आलं होतं ते गुडघाभर. त्या आठवणीवर विसंबून ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही सीपीयू टेबलावर ठेवला, यूपीएस टेबलावर ठेवला, कागदाची रिमं माळ्यावर टाकली आणि शटर लावून घरी गेलो. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या वरच्या खिळ्यापर्यंत गाळाची रेघ होती. सीपीयूची बाजूची पत्री काढली आणि आतून चिखल घसरून पायावर आला. पंख्याच्या पात्यांमध्ये एक शेवाळलेली काडी अडकली होती. हार्डडिस्क धुऊन, पुसून, पिशवीत घालून पुण्याला पाठवली. काही निघालं नाही.

बावीस वर्षांचं काम गेलं. शाळांच्या स्मरणिका, दूध संस्थांचे अहवाल, दोन कवितासंग्रह, एका मंडळाच्या शतकमहोत्सवाचा सगळा इतिहास.

आणि वाचलं काय? श्रीलिपीचं लॉक वाचलं, कारण ते पर्समध्ये होतं. ऑफिसचा खोका वाचला, कारण तो घरी कपाटात होता. नव्या मशीनवर दोन दिवसांत सगळे प्रोग्राम पूर्वीसारखे चालू झाले. फायलींपैकी वाचल्या त्या फक्त गिऱ्हाइकांना प्रूफ म्हणून मेल केलेल्या. मेलच्या 'पाठवलेले' खणात त्या पडून होत्या, कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर, जिथे कृष्णेचं पाणी पोचत नाही. मी रात्र रात्र बसून एकेक उतरवून घेतली. दोनशे चौदा मिळाल्या.

प्रोग्राम माझ्याकडे होता म्हणून वाचला. फाईल फक्त माझ्याकडे होती म्हणून गेली. माझं सगळं म्हणणं याच्यातून आलेलं आहे. लोक क्लाउड चांगला की वाईट असं विचारतात तेव्हा त्यांच्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले असतात. लिहायचं हत्यार कुणाच्या ताब्यात, हा एक. लिहिलेल्याची प्रत कुठे कुठे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'माझ्या' असावं आणि दुसऱ्याचं 'अनेक ठिकाणी', असं मला ठामपणे वाटतं. वर्गणीच्या जाहिरातीत दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून देतात आणि आपण प्रतीच्या काळजीपोटी हत्यारही भाड्याने घेतो. मीही तसंच घेतलं, २०२१ च्या सुरुवातीला.

त्यात मला सुख मिळालं नाही असं नाही. भाची पुण्याला असते, प्रूफं वाचते. आधी आमचं असं चालायचं की मी फाईल मेल करणार, ती दुरुस्त करून परत पाठवणार, तोवर इकडे मी दुसऱ्याच प्रतीत बदल केलेले, मग 'अंतिम', 'अंतिम २', 'खरंच अंतिम' अशा फायलींची रांग. एकदा ती म्हणाली, "मावशी, फाईल पाठवू नकोस, लिंक पाठव." त्या रात्री आम्ही दोघी एकाच पानावर होतो. ती पुण्यात वेलांट्या सुधारत होती आणि मला इथे सांगलीत तिचा कर्सर ओळीवरून सरकताना दिसत होता. लॉकडाऊनमध्ये एकमेकींना भेटून वर्ष झालं होतं. कामाची सोय तर झालीच, पण त्या हलणाऱ्या रेघेने मला सोबतही दिली.

काल संध्याकाळी सहाला मजकूर कसा होता ते मागे जाऊन बघता येतं, ही दुसरी मोठी गोष्ट. एका संस्थेच्या इतिवृत्तात ठराव क्रमांक कुणी बदलला यावरून वाद झाला तेव्हा मी आधीची नोंद काढून दाखवली आणि वाद तिथेच मिटला. मशीनवरच्या साध्या फाईलमध्ये हे होत नाही. एकाच कागदावर अनेकांचा हात लागणार असेल, माणसं वेगवेगळ्या गावांत असतील, किंवा कुणाकडे फक्त मोबाईल असेल, तर ब्राउझरमधलं ऑफिस घ्यावं. आमच्या शेजारच्या पंपवाल्यांचे पाच विक्रीप्रतिनिधी मिरज-तासगाव-विटा फिरतात आणि एकाच शीटमध्ये ऑर्डरी भरतात. त्यांना मी मशीनवरचा प्रोग्राम घ्या असं कधीच सांगणार नाही.

पण माझं काम शेवटी छापून निघतं, आणि तिथे अक्षराचा प्रश्न येतो. हा भाग थोडा लांबेल, कारण याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं.

मराठीचा 'ल' आणि हिंदीचा 'ल' यांचं वळण वेगळं. 'श' चंही तसंच. आपल्याकडे पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य शासनाने २००९ च्या नोव्हेंबरमध्ये वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही हीच रूपं धरली आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, मात्र दोघांचा क्रमांक एकच, म्हणजे आकार कुठला दिसेल ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांच्या पोटात दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी खूण केली की मराठी वळण येतं. माझ्या मशीनवर मी फॉन्ट निवडते, भाषा मराठी लावते, आणि 'लोकशाही' हा शब्द जसा माझ्या शाळेच्या पुस्तकात होता तसा दिसतो.

ब्राउझरमधल्या गूगल डॉक्समध्ये मी विकत घेतलेला, माझ्या मशीनवरचा फॉन्ट चढवता येत नाही. त्यांच्या यादीतलाच घ्यावा लागतो. यादी वाईट नाही. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त त्यात आहे, तिरो देवनागरी मराठी तर खास मराठी वळणाचा आहे आणि पुस्तकाला शोभतो. पण ज्या संस्थेचा अहवाल पंधरा वर्षं एका अक्षरात निघतो तिला तेच अक्षर हवं असतं. दुसरं काही लावलं की ओळी बदलतात, ओळी बदलल्या की पानं सरकतात, आणि ६४ पानांचा अहवाल ६६ चा होतो. छपाईत पानं आठच्या, सोळाच्या पटीत बसवतात. दोन पानं वाढली तर एक अख्खा जादा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, लागतो, त्याचे पैसे संस्थेला पडतात.

त्या सोमवारी दुपारी मी हाही मार्ग करून पाहिला होता. हाताखालच्या मुलीच्या मशीनवर लिबरऑफिस हा फुकटचा ऑफिस प्रोग्राम होता, त्यात फाईल उघडली. ६४ ची ६७ पानं झाली. ताळेबंदात डावीकडे भांडवल व देणी आणि उजवीकडे जिंदगी व येणी समोरासमोर हवेत. तिथे उजवी बाजू खाली घसरली आणि राखीव निधीचा आकडा इमारतीच्या रकान्यात जाऊन बसला. पतसंस्थेच्या अहवालात असं छापून गेलं तर सभेत गोंधळ होतो. मी ती खिडकी बंद केली आणि पुन्हा ओटीपीची वाट बघत बसले.

दोष लिबरऑफिसचा म्हणून हे सांगत नाही. फाईल जन्मली एका प्रोग्रामात आणि उघडली दुसऱ्यात, म्हणून असं झालं. ही गोष्ट कळायला मला वेळ लागला. अडचणीच्या दिवशी दुसरं हत्यार उचलता येत नाही. ते आधीपासून हातात बसलेलं लागतं.

म्हणून २०२४ च्या जानेवारीत, काम कमी असताना, मी लिबरऑफिसवर बसले. २०१० च्या सप्टेंबरमध्ये ओपनऑफिस नावाच्या जुन्या प्रकल्पातून हा वेगळा झाला, जर्मनीतली डॉक्युमेंट फाउंडेशन तो सांभाळते, फुकट आहे आणि मेन्यू मराठीत करून घेता येतात. त्याचा स्वतःचा फाईलप्रकार, ओडीटी, हा आंतरराष्ट्रीय मानक आहे, २००६ पासून. याचा अर्थ माझ्यापुरता असा की उद्या हा प्रोग्राम नसला तरी फाईल कशी वाचायची याची कृती जगात छापलेली आहे, ती कुणा एकाची नाही.

पहिले दोन महिने मला रडू यायचं बाकी होतं. मेन्यू दुसरीकडे, शैली लावायची पद्धत वेगळी. सोळाशे सभासदांचे पत्ते लेबलांवर छापायचं काम जुन्या प्रोग्राममध्ये डोळे मिटून करायची, ते इथे तीन रविवार खाऊन गेलं. शैली म्हणजे काय ते मात्र नीट शिकले. आधी मी प्रत्येक मथळा हाताने ठळक करायची, आता 'मथळा १' एकदा ठरवते आणि अख्ख्या अहवालात तो आपोआप बसतो. अनुक्रमणिकाही स्वतः तयार होते. मार्चअखेरीस पहिला अहवाल कोऱ्या पानापासून लिबरऑफिसमध्येच मांडला. ताळेबंद जागेवर राहिला.

गिऱ्हाइकांना फाईल द्यायची असेल तर ओडीटीत नाही, वर्डच्या डीओसीएक्स प्रकारात देते, आणि छपाईला पीडीएफ, फॉन्ट आत बसवलेली. लेखापरीक्षकांकडून येणाऱ्या काही एक्सेल फायलींत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा असतात, त्या लिबरऑफिसच्या कॅल्क या आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये नीट चालत नाहीत. ती कामं मी त्यांच्याच कार्यालयात बसून करून येते. हा तोटा आहे आणि तो मी सोसते.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे, जाता जाता सांगते. कऱ्हाड हा शब्द टाईप करायच्या दोन तऱ्हा आहेत आणि दिसायला दोन्ही हुबेहूब एक. कॉम्प्युटरला मात्र ती दोन गावं वाटतात. सभासदयादी गाववार लावली की कऱ्हाडचे सभासद दोन ठिकाणी जातात. ऑनलाइन शीट असो की मशीनवरची, आधी सगळे 'कऱ्हाड' एकसारखे करून घ्या, मग यादी लावा.

पैशाचंही बोलते. वर्गणीचे मी वर्षाला पाच हजारांच्या आतबाहेर भरत होते. तीन वर्षांत चौदा-पंधरा हजार. घरात पाच-सहा माणसं वापरणारी असतील तर कुटुंबाची योजना परवडते, प्रत्येकाला जागाही भरपूर मिळते, हे मान्य. माझ्यासारख्या एकटीच्या दुकानाला मात्र तो बारमाही खर्च होतो आणि दर ठरवणं आपल्या हातात नसतं. जगभरच या वर्गण्या वाढल्या आहेत. अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट ३६५ ची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीच्या ऑफिसची, एका माणसाची योजना २०२५ च्या जानेवारीत वर्षाला ७० डॉलरवरून १०० डॉलरवर गेली, सोबत एआयची मदत जोडून.

पण माझ्या मनात पैशापेक्षा दुसरी बातमी घर करून आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेत वाडीनारला रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, त्या कंपनीत रशियन भागीदारी आहे म्हणून. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. मेल, बैठका, सगळं अडकलं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मग काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. कोण बरोबर, कोण चूक, हा माझा विषय नाही. पण पैसे भरलेले असूनही, भारताचा कुठला कायदा मोडलेला नसतानाही, दुसऱ्या खंडातल्या निर्णयाने दप्तर बंद होऊ शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. त्यांच्याकडे वकील होते. माझ्या त्या सोमवारी माझ्याकडे मुलाच्या लॉकरमधला मोबाईल होता.

यावर कुणी म्हणतं, मग झोहोचं ऑनलाइन ऑफिस घ्या, चेन्नईची कंपनी आहे. झोहो चांगलं आहे, माझ्या ओळखीचे दोन जण वापरतात. पण वर्गणी ती वर्गणीच. किल्ली परदेशात नसेल, चेन्नईत असेल, माझ्या पर्समध्ये नसेलच.

तर आता माझी घडी अशी आहे. लिहिणं, मांडणं, छापणं, सगळं मशीनवरच्या प्रोग्रामात. भाचीबरोबर प्रूफ वाचायचं असेल तेवढा मजकूर ऑनलाइन चढवते, दोघी बसतो, काम झालं की उतरवून घेते. रोज संध्याकाळी सातला दिवसाच्या फायली एका बाहेरच्या डिस्कवर जातात. ती डिस्क घरी येते, दुसऱ्या मजल्यावर. आणि रात्री एक प्रत क्लाउडवर जाते. माझं सगळं मिळून अकरा जीबी भरतं, गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत बसतं.

एक सावधगिरी मात्र हवी. क्लाउडशी जुळवलेला फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे. गेल्या वर्षी हाताखालच्या मुलीकडून चुकून 'दूध संस्था' फोल्डर पुसला गेला आणि दोन मिनिटांत तो ऑनलाइनही पुसला गेला. जुळवणं म्हणजे तेच. कचरापेटीत तो तीस दिवस राहतो म्हणून परत मिळाला, आणि तसाही घरच्या डिस्कवर होताच. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी एखादी जुनी फाईल क्लाउडवरून काढते आणि मुलाच्या लॅपटॉपवर उघडून बघते. उघडली तरच ती प्रत आहे असं मी मानते.

तेही पुरत नाही, हे मला याच दिवाळीत कळलं. एका निवृत्त शिक्षकांचं आत्मकथन मी १९९९ मध्ये जुळवलं होतं. त्यांच्या मुलीला दुसरी आवृत्ती काढायची आहे. पुरातून ती फाईल वाचली होती, कारण सरांनी तेव्हाच फ्लॉपीवर एक प्रत मागून घेतली होती आणि मुलीने ती पुढे सीडीवर, मग पेनड्राइव्हवर नेली. मी आनंदाने उघडली. पानभर रोमन चिन्हांचा चिवडा. युनिकोडच्या आधीचा तो फॉन्ट, दुसऱ्या एका छोट्या दुकानाने बनवलेला, आता माझ्याकडे नाही आणि ते दुकानही नाही. बदलून देणारे प्रोग्राम चालवून पाहिले, एकालाही त्या फॉन्टचा तक्ता ठाऊक नाही. फाईल आमची, मशीन आमचं, प्रोग्रामही चालतोय, आणि तरी सरांचं एक वाक्य वाचता येत नाही.

छापील प्रत मुलीने आणून दिली आहे. पानं पिवळी पडलीत, पण अक्षर स्वच्छ आहे. रोज दुकान बंद करायच्या आधी तास-दीड तास मी ती पुन्हा टाईप करते, युनिकोडमध्ये, ओडीटीत. एकूण १८८ पानं आहेत. काल ३१ झाली. सरांच्या वडिलांनी त्यांना पहिल्यांदा औदुंबरला नेलं, तिथपर्यंत आले आहे.